लेबेन्सफिलोझोफी : जर्मन लोकांना जगण्याचा अर्थ शेवटी सापडला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, नीत्शेचं ते 'ज्याच्याकडे जगण्याचं का आहे तो जवळपास कुठलंही कसं निभावून नेतो' हे वाक्य कुठेतरी वाचलं, मग शोधता शोधता कळलं की जर्मनीत जीवनाच्या अर्थाभोवतीच फिरणारी एक अख्खी चळवळ होती, लेबेन्सफिलोझोफी म्हणजे जीवनाचं तत्त्वज्ञान हे तिचं नाव, तर त्या लोकांना शेवटी उत्तर मिळालं का, एक्झिस्टेन्शिअलिस्ट म्हणजे अस्तित्ववादी म्हणतात ते हेच का, आणि हे सगळं नाझींच्या दारात जाऊन पोचलं असं म्हणतात ते कितपत खरं. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते आणि या मंडळींना बरीच वर्षं मूळ जर्मनमधून वाचत आलेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : नाही मिळालं. आणि त्यांच्यातले जे खरोखर दमदार होते त्यांनी तुम्ही म्हणताय तसं उत्तर शोधलंही नाही. त्यांचं म्हणणं असं की 'आयुष्याचा अर्थ काय' हा प्रश्न विचारताना आपण आयुष्याच्या बाहेर कुठेतरी खुर्ची टाकून बसलोय आणि तिथून त्याला मार्क देतोय असं धरून चालतो, आणि तशी खुर्चीच नाहीये.

तुम्ही वाचलेलं ते वाक्य नीत्शेच्या 1888 साली लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकातलं आहे. ते जगभर पसरलं ते बरंचसं व्हिक्टर फ्रांकलमुळे, हा व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ, छळछावण्यांतून वाचलेला, त्याने ते आपल्या विचारांच्या मध्यभागी ठेवलं. पण मूळ पुस्तकात त्याच्या लगेच पुढचं वाक्य कोणी शेअर करत नाही, ते असं की माणूस सुखासाठी धडपडत नाही, फक्त इंग्रज धडपडतो! बेंथम आणि मिल या इंग्रजांच्या उपयुक्ततावादाला, म्हणजे जास्तीत जास्त सुख हेच ध्येय मानणाऱ्या मताला, मारलेला टोमणा आहे तो. आणि त्याच पुस्तकात थोडं पुढे, सॉक्रेटिसवरच्या प्रकरणात, तो म्हणतो की आयुष्याची किंमत ठरवताच येत नाही, जिवंत माणसाला तर नाहीच, कारण तो या खटल्यात पक्षकार आहे, किंबहुना खटल्याचा विषयच तो आहे, मग न्यायाधीश कसा होणार, आणि मेलेल्याला येत नाही ते वेगळ्या कारणाने. मी वर्गात हे वाचून दाखवते तेव्हा पोरं हसतात आणि मग दोन मिनिटं गप्प बसतात. या चळवळीचं मूळ इथे आहे, का-कसं वाल्या वाक्यात तेवढं नाही.

आता चळवळ म्हणताना एक लक्षात घ्या, यांची कुठली संघटना नव्हती, जाहीरनामा नव्हता, आणि यातले निम्मे लोक एकमेकांना 'आपला' म्हणायला तयार झाले नसते. नाव जुनं आहे, फ्रीडरिख श्लेगेलने 1827 मध्ये व्हिएन्नात 'जीवनाचं तत्त्वज्ञान' या नावानेच व्याख्यानं दिली होती, पण आपण आज ज्याला ही चळवळ म्हणतो ती साधारण 1870 नंतरची. हेगेल 1831 ला गेला, त्याची ती भव्य सिस्टीम कोसळली, आणि विद्यापीठांत प्रयोगशाळांचं राज्य आलं. फिजिक्स, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री यांचं यश डोळे दिपवणारं होतं आणि साहजिकच लोक म्हणायला लागले की माणसाचं मन, इतिहास, धर्म, कला, सगळं याच पद्धतीने उलगडू. दुसरीकडे जे तत्त्वज्ञ शिल्लक होते ते कांटकडे परत जाऊन ज्ञान कसं शक्य आहे याचीच चर्चा करत बसले होते. या दोघांच्या मधे जगणारा माणूस कुठेच नव्हता. तो भुकेला असतो, प्रेमात पडतो, बापाशी भांडतो, म्हातारा होतो, याचं काय? हा प्रश्न ज्यांना टोचला ते हे लोक.

आजोबा म्हणून शोपेनहाउअर धरतात. 1820 मध्ये बर्लिनला त्याने हट्टाने आपली लेक्चर्स हेगेलच्याच वेळेला लावली, वर्गात जवळजवळ कोणी आलं नाही आणि मास्तरकी तिथेच संपली, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचं म्हणणं, जगाच्या तळाशी बुद्धी नाहीये, एक आंधळी इच्छा आहे, आणि आपण हवंय-हवंय आणि कंटाळा आलाय यांच्यात हेलकावे खात राहतो. अर्थ वगैरे काही नाही, सुटका आहे. सुटकेची वाट त्याला उपनिषदांत दिसली, तीसुद्धा दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून झालेल्या लॅटिन भाषांतरात. इथे आपला एक खराखुरा धागा आहे. नीत्शेचा शाळासोबती पाउल डॉयसन, पुढे मोठा वेदान्ताचा अभ्यासक आणि कट्टर शोपेनहाउअरवाला, तो फेब्रुवारी 1893 मध्ये मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत बोलला आणि शेवटी श्रोत्यांना म्हणाला की वेदान्त धरून ठेवा, जगण्या-मरण्याच्या दुःखात याच्याइतका दिलासा दुसरा नाही. टिळकांच्या गीतारहस्यात डॉयसनही येतो आणि शोपेनहाउअरही, सुखदुःखविवेकाचं प्रकरण काढून बघा. म्हणजे मराठी वाचकाला ही मंडळी अगदीच परकी नाहीत.

पण तुम्हाला खरं वाचायचं असेल तर माझ्या मते माणूस एकच, विल्हेल्म डिल्टाय, आणि त्याच्या पाठोपाठ झिमेल. नीत्शे सगळेच वाचतात. डिल्टाय कोणी वाचत नाही, कारण त्याचं वाक्य संपतच नाही.

डिल्टाय 1833 चा, ऱ्हाइनकाठच्या बीब्रिखचा, पाद्र्याचा मुलगा. स्वतः पाद्री व्हायला निघाला आणि इतिहासात रमला. 1882 पासून बर्लिनला प्रोफेसर. याने श्लायरमाखर या धर्मचिंतकाचं चरित्र लिहायला घेतलं, पहिला खंड 1870 ला आला, दुसरा त्याच्या हातून पुरा झालाच नाही. 1883 मध्ये मानव्यविद्यांची प्रस्तावना म्हणून मोठा ग्रंथ काढला, त्याचाही पहिलाच खंड. लोक त्याला पहिल्या खंडांचा लेखक म्हणून चिडवायचे. मेल्यावर मात्र कागदांचे ढीग निघाले आणि त्याचे समग्र लेखनाचे 26 खंड भरले, ते छापायला अख्खं विसावं शतक लागलं. त्या 1883 च्या प्रस्तावनेत एक जागा आहे, या चळवळीतली सगळ्यात गाजलेली. तो म्हणतो, लॉक, ह्यूम आणि कांट यांनी जो 'जाणणारा' माणूस बनवला त्याच्या धमन्यांतून खरं रक्त वाहत नाही, बुद्धीचा पातळ केलेला रस वाहतो. मला अख्खा माणूस हवाय, म्हणतो, इच्छा करणारा, भावना असणारा, कल्पना करणारा.

आता हे ऐकायला छान आहे, पण असं तर कोणीही म्हणेल. डिल्टायचं मोठेपण हे की तो तिथे थांबला नाही. त्याने विचारलं की मग आयुष्य आतून समजून घ्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय? निसर्गाचं स्पष्टीकरण देता येतं, मनाचं आकलन करून घ्यावं लागतं, हे त्याने 1894 मध्ये मांडलं आणि एबिंगहाउस नावाच्या प्रयोगशाळावाल्या मानसशास्त्रज्ञाने त्याची अशी काही खरडपट्टी काढली की पुढची काही वर्षं तो या विषयावर जपूनच बोलला. पण शेवटच्या काही वर्षांत, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, तो परत त्याच प्रश्नाकडे आला, आणि तेव्हा लिहिलेले जे कच्चे खर्डे आहेत त्यात 'अर्थ' या गोष्टीबद्दल मला माहीत असलेलं सगळ्यात नेमकं लिखाण आहे. ते जरा सावकाश बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

तो म्हणतो, आपण आपल्या आयुष्याकडे तीन तऱ्हांनी बघतो. आत्ता जे चाललंय त्यात आपल्याला काही आवडतं, काही बोचतं, म्हणजे आपण मूल्य अनुभवतो. पुढे बघतो तेव्हा हेतू असतात, हे करायचंय, ते मिळवायचंय. आणि मागे बघतो तेव्हा, फक्त तेव्हाच, अर्थ दिसतो. नुसत्या मूल्यांच्या बाजूने बघितलं तर आयुष्य म्हणजे काही सूर जुळलेले काही बेसूर असा गोंधळ, एकामागून एक येणारे क्षण, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हेतूच्या बाजूने बघितलं तर प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीची पायरी, आणि शेवटची पायरी कुठली ते कळत नाही. अर्थ मात्र तुकड्यांना जोडतो. वाक्यात शब्दाचा अर्थ जसा बाकीच्या शब्दांमुळे पक्का होतो तसं आयुष्यातल्या एका घटनेचं, ही त्याची स्वतःचीच उपमा. म्हणजे अर्थ हा आयुष्याच्या वर लटकलेला कुठला बोर्ड नाही, तो आयुष्याच्या भागांमधलं नातं आहे.

आणि मग तो फार महत्त्वाची गोष्ट सांगतो. मागचा एखादा क्षण अर्थपूर्ण कधी वाटतो? त्या क्षणी, स्वतःच्या कृतीमुळे किंवा बाहेरच्या घटनेमुळे, पुढच्यासाठी आपण कुठेतरी बांधले गेलो असू तेव्हा. आता बघा, याचा परिणाम काय होतो. पुढचं अजून घडायचंय, म्हणून मागच्याचा अर्थही अजून पक्का नाही. चाळिशीत ज्या नोकरीला तुम्ही वाया गेलेली वर्षं म्हणता तीच साठीत तुम्हाला सगळ्याचं मूळ वाटू शकते, आणि उलटंही. यात काही ढोंग नाही, पूर्ण बदललं म्हणून भागाचा अर्थ बदलला. डिल्टाय प्रामाणिकपणे हेही लिहून टाकतो की मग खरं तर आयुष्य संपेपर्यंत थांबायला हवं, मृत्यूच्या घटकेलाच सगळं एकत्र दिसेल आणि मग भागांचे अर्थ ठरतील, इतिहासाचं तर सगळा इतिहास संपेपर्यंत. अर्थात तेव्हा बघायला कोणी नसणार. म्हणून आपण जो अर्थ लावतो तो कायम कच्च्या पावतीसारखा. माझ्या अनुभवात हे ऐकून काही विद्यार्थ्यांना हायसं वाटतं आणि काहींना प्रचंड राग येतो, तुम्ही कुठल्या बाजूचे ते तुम्हीच ठरवा.

याचा नमुना म्हणून तो आत्मचरित्रं घेतो, कारण तिथे जगणारा आणि समजून घेणारा माणूस एकच असतो. संत ऑगस्टिन, फ्रेंच विचारवंत रूसो, जर्मन कवी गटे, असे तीन. ऑगस्टिनला आपलं सगळं आयुष्य, चोरलेली फळंसुद्धा, देवाकडे जाणारी वाट म्हणून दिसतं. रूसोला असं काही टोक नाहीये, त्याला फक्त जगाने माझं हे असं असणं मान्य करावं एवढंच हवंय. गटे स्वतःकडे इतिहासकारासारखा बघतो, आपण एका काळातून घडत गेलो असा. तिघांनीही आपलं आयुष्य खोटं न लिहिता आपापल्या धाग्याने ओवलंय, आणि तिघांचे धागे एकमेकांना बदली चालणार नाहीत. त्याचा शिष्य आणि जावई गेऑर्ग मिश याने पुढे आत्मचरित्राचा इतिहास लिहिणं हेच आयुष्यभराचं काम केलं, पहिला खंड 1907 चा. हे नाव लक्षात ठेवा, तो खाली परत येणार आहे.

मग प्रश्न येतोच की प्रत्येकाचा धागा वेगळा तर खरं काय? डिल्टायला हा प्रश्न झोपेतसुद्धा सोडत नव्हता, अगदी शब्दशः. 1903 मध्ये सत्तरीच्या समारंभात त्याने स्वतःचं एक स्वप्न सांगितलं. तो मित्राकडे, काउंट यॉर्ककडे, सायलेशियात क्लाइन-ओल्सच्या वाड्यात उतरला होता. दोघं रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसले, आणि झोपायच्या खोलीत राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'ची प्रिंट लावलेली होती. स्वप्नात ते चित्र जिवंत झालं, नवेनवे तत्त्वज्ञ आत यायला लागले, देकार्त, कांट, स्पिनोझा, कोंत, सगळे. आणि हळूहळू त्यांचे तीन घोळके झाले. एक निसर्गविज्ञानवाल्यांचा, एक माणसाचं स्वातंत्र्य मानणाऱ्यांचा, सॉक्रेटिस-प्लेटोभोवती, आणि एक विश्वाची एकतानता बघणाऱ्यांचा, ज्यात गटेही होता. घोळके एकमेकांपासून लांब लांब जायला लागले, आणि डिल्टाय बिचारा एकाकडून दुसऱ्याकडे पळतोय. जाग आली तेव्हा खिडकीतून तारे दिसत होते. यातून त्याने काढलेला निष्कर्ष असा की यातली प्रत्येक दृष्टी विश्वाची एक बाजू खरीच दाखवते, सगळ्या बाजू एका वेळी बघणं आपल्या नशिबात नाही. हुसर्ल या तत्त्वज्ञाने 1911 मध्ये यावर टीका केली की हा शेवटी सापेक्षतावाद आहे, आणि त्याच वर्षी डिल्टाय गेला. मला स्वतःला हुसर्लचा मुद्दा अर्धा पटतो. पण तीन घोळक्यांत पळणारा तत्त्वज्ञ मला एका घोळक्यात ठाण मांडून बसलेल्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

गेऑर्ग झिमेल हे एकदम वेगळं प्रकरण. बर्लिनच्या ऐन मध्यात, लाइपझिगर आणि फ्रीडरिख रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या घरात 1858 ला जन्म. 1871 मध्ये सव्वाआठ लाखांचं असलेलं बर्लिन 1910 पर्यंत वीस लाखांच्या पुढे गेलं, आणि हा माणूस ते सगळं बघत तिथेच वाढला. लेक्चरला गर्दी इतकी की हॉल पुरायचा नाही, पुढे मार्क्सवादी तत्त्वज्ञ म्हणून गाजलेले लुकाच आणि ब्लोख त्याच्याकडे येऊन शिकले, पण पक्की प्रोफेसरकी मिळायला 1914 उजाडलं आणि तीही श्ट्रासबुर्गला, तेव्हा हा छप्पन्न वर्षांचा. 1908 मध्ये हायडेलबर्गची जागा समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने जोर लावूनसुद्धा हुकली. एका इतिहासकाराने सरकारला गुप्त अभिप्राय पाठवला होता, त्यात हा ज्यू आहे हे तर होतंच, शिवाय याच्या वर्गात बायका आणि पूर्वेकडचे विद्यार्थी फार येतात ही तक्रारही होती. वाचताना संताप येतो.

झिमेलची मुख्य कल्पना मी अशी सांगते. आयुष्य नुसतं वाहत नाही, ते स्वतःसाठी आकार तयार करतं, भाषा, कायदे, लग्न, पैसा, धर्म, कला, विज्ञान. आकार नसेल तर आयुष्य काहीच होऊ शकत नाही. पण एकदा आकार तयार झाला की तो आपल्या नियमाने चालायला लागतो आणि ज्या आयुष्यातून निघाला त्यालाच काचायला लागतो. त्याच्या शब्दांत आयुष्य हे 'जास्त आयुष्य' असतं आणि 'आयुष्याहून जास्त'ही असतं. एक उदाहरण देतो तो, फार सुंदर आहे : बाकी माणसं जगण्यासाठी बघतात, चित्रकार बघण्यासाठी जगतो. डोळे मुळात रस्त्यातला खड्डा दिसावा म्हणून, पण कुठेतरी आस फिरतो आणि बघणं हेच ध्येय होतं, आयुष्य त्याची चाकरी करायला लागतं. विज्ञानाचं तसंच, धर्माचं तसंच. आता याच्यात अर्थही आहे आणि शोकांतिकाही, कारण अर्थ ज्या गोष्टींतून येतो त्या सगळ्या आपल्याहून मोठ्या होऊन बसतात. शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलंय की पुस्तकं, वस्तू, ज्ञान यांचा ढीग एवढा वाढतोय की एका माणसाला त्यातलं चिमूटभरही आपलंसं करता येत नाही, आणि टाकूनही देता येत नाही. आज फोन हातात घेतला की मला हाच माणूस आठवतो.

मृत्यूबद्दलही त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. मृत्यू म्हणजे कोणीतरी कात्री घेऊन दोरा कापतं असं आपण समजतो. झिमेल म्हणतो की तो पहिल्यापासून आत असतो, प्रत्येक क्षणाला आकार देत. शेक्सपिअरमध्ये बघा म्हणतो, हॅम्लेट, मॅकबेथ असे नायक मरतात तेव्हा त्यांचं मरण त्यांच्या आयुष्यातूनच पिकून आलेलं असतं, आणि दुय्यम पात्रं नुसती मारली जातात, कथेला हवं म्हणून. कधीच न संपणाऱ्या आयुष्यात कुठला निर्णय महत्त्वाचा ठरेल? हे तो लिहीत होता तेव्हा त्याला यकृताचा कॅन्सर झालेला होता, हे माहीत असताना ते पुस्तक त्याने पुरं केलं, आणि सप्टेंबर 1918 मध्ये, युद्ध संपायच्या थोडं आधी, गेला. डायरीत लिहून ठेवलंय की माझा कोणी बौद्धिक वारस नसेल आणि ते बरोबरच आहे, माझी इस्टेट रोख पैशासारखी वाटली जाईल, ज्याला जे हवं ते तो त्यातून करेल, कुठून आलं ते दिसणारही नाही. झालंही तसंच.

ऑयकेन पटकन उरकते. रुडोल्फ ऑयकेन, येनाचा प्रोफेसर, 1908 मध्ये 'जीवनाचा अर्थ आणि मूल्य' या नावाचंच पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी साहित्याचं नोबेल! म्हणजे तुमच्या प्रश्नाचं नाव कव्हरवर छापलेला एकमेव माणूस हाच, आणि नेमका हाच आज वाचवत नाही. उदात्त बोलतो, आध्यात्मिक जीवन, उच्च पातळी, पण हाताला काही लागत नाही. चीनमध्ये मात्र त्याचा खरोखर परिणाम झाला, त्याच्यासोबत 1922 मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या झांग जुनमाईने पुढच्या वर्षी पेकिंगला विज्ञान विरुद्ध जीवनदृष्टी असा मोठा वाद पेटवून दिला.

आता नाझींचं. इथे सरसकट हो म्हणणारे आणि सरसकट नाही म्हणणारे दोघेही मला कंटाळवाणे वाटतात. 1914 च्या आसपास 'जीवन', 'अनुभव' हे शब्द जर्मनीत फॅशन झाले होते, तरुण पोरं जंगलात भटकायची, गाणी म्हणायची, आणि विचार करणं म्हणजे कोरडेपणा असं मानायची. 1913 च्या तरुणांच्या होहे माइसनर मेळाव्यासाठी लुडविग क्लागेसने 'माणूस आणि पृथ्वी' हा लेख लिहिला, जंगलं तोडली जातायत, प्राण्यांच्या जाती नामशेष होतायत, प्रगतीच्या नावाखाली कत्तल चाललीय, आजच्या कुठल्याही पर्यावरणवाल्याला आवडेल असा. आणि हाच क्लागेस पुढे तीन खंड लिहितो की बुद्धी ही आत्म्याची वैरीण आहे, बाहेरून घुसून जीवन नासवणारी, आणि मग ही नासवणारी शक्ती कोण आणते याचं उत्तर देताना त्याचा ज्यूद्वेष उघडा पडतो. इथे गाडी घसरते ती कुठे ते बघा. डिल्टाय आणि झिमेल यांच्याकडे विचार आयुष्यातूनच निघतो, आयुष्य त्यातूनच स्वतःला समजून घेतं. क्लागेसकडे विचार हा परका घुसखोर. एकदा हे मानलं की वाद घालायचं कारणच उरत नाही, ज्याच्या रक्तात जोर त्याचं खरं.

नीत्शेच्या बाबतीत त्याची बहीण एलिझाबेथ हिने वाइमारला अर्काइव्ह चालवलं, त्याच्या वह्यांमधली टिपणं आपल्या पसंतीने लावून 'सत्तेची इच्छा' म्हणून छापवली, आणि 1935 मध्ये ती गेली तेव्हा अंत्यविधीला हिटलर हजर होता. आल्फ्रेड बॉयमलरसारखे प्रोफेसर नीत्शेला पक्षाचा तत्त्वज्ञ बनवायला तयारच होते. पण याच 1935 मध्ये दुसरी गोष्ट घडली. डिल्टायचा तो जावई मिश, ज्याच्याकडे खऱ्या अर्थाने ही परंपरा आली होती, त्याला ज्यू वंशाचा म्हणून ग्योटिंगेनच्या खुर्चीवरून काढलं, 1939 मध्ये तो इंग्लंडला गेला आणि युद्धानंतरच परतला. लुकाचने 1954 मध्ये जाडजूड पुस्तक लिहून हेगेलचा समकालीन तत्त्वज्ञ शेलिंग याच्यापासून हिटलरपर्यंत एक सरळ रेघ ओढली, त्यात त्याने आपल्या जुन्या गुरूला, झिमेललाही, सोडलं नाही. मला ती रेघ फारच सरळ वाटते. नाझींना जीवन हा शब्द हवा होता, जीवन समजून घेणारी पद्धत नको होती. तरी एवढं मान्य करायलाच हवं की शब्द इतका ढगळ होता की कोणीही त्यात शिरू शकला.

ही ढगळपणाची तक्रार तेव्हाच झाली होती आणि ती मला चांगली टीका वाटते. हाइनरिख रिकर्ट या कांटवादी तत्त्वज्ञाने 1920 मध्ये आपल्या काळाच्या या फॅशनवर एक पुस्तकच लिहिलं, मुद्दा असा की जगणं वेगळं आणि जगण्याबद्दल तत्त्वज्ञान करणं वेगळं, तत्त्वज्ञान करायचं तर संकल्पना लागतात, आकार लागतो, नुसतं वाहून चालत नाही. वेबरने 1917 च्या म्युनिकमधल्या व्याख्यानात 'अनुभव' शोधत फिरणाऱ्या पोरांना चांगलंच झापलं, आणि टॉलस्टॉयचा हवाला देऊन सांगितलं की कसं जगावं याचं उत्तर विज्ञान देत नाही, ते प्रोफेसरकडे मागूही नका. आणि सगळ्यात मजेशीर कार्नाप, विज्ञान आणि तर्कशास्त्र यांच्या बाजूचा तत्त्वज्ञ. 1932 मध्ये तो लिहितो की मेटाफिजिक्सची, म्हणजे अनुभवापलीकडच्या अंतिम सत्याबद्दलची, वाक्यं निरर्थक आहेत, ती फक्त जगण्याची भावना व्यक्त करतात, आणि ते काम संगीत जास्त चांगलं करतं, मेटाफिजिक्सवाले म्हणजे संगीताचं अंग नसलेले संगीतकार. पण त्याच लेखाच्या शेवटी नीत्शेचं कौतुक, कारण त्याला जे सांगायचं होतं त्यासाठी त्याने सरळ काव्याचा आकार घेतला. 'जगण्याची भावना' ही कल्पनाही कार्नापने डिल्टायच्या वर्तुळातूनच उचललेली, येनाला तो डिल्टायच्या शिष्याकडे शिकला होता.

एक्झिस्टेन्शिअलिस्टांशी नातं आहे, पण ते हेच नव्हेत. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या 1927 च्या ग्रंथात डिल्टाय आणि काउंट यॉर्क यांच्यावर अख्खं एक कलम आहे, 77 वं, आणि मृत्यू आयुष्याला आतून आकार देतो हे वाचताना झिमेल आठवल्याशिवाय राहत नाही. फरक असा की लेबेन्सफिलोझोफीत आयुष्य हा आपल्याला वाहून नेणारा मोठा प्रवाह आहे, त्यात आजोबा, भाषा, शहर, इतिहास सगळं आलं. एक्झिस्टेन्शिअलिस्टांकडे माणूस एकटा पडतो आणि निवड त्याच्यावर येते. दोन महायुद्धांनंतर पहिल्यापेक्षा दुसरं जास्त खरं वाटलं असणार, त्यात नवल नाही.

वाचायचं कसं ते सांगते. नीत्शेचा 1874 चा इतिहासावरचा निबंध आधी घ्या, कुरणात चरणारी, कालचं काही न आठवणारी गुरं आणि त्यांच्याकडे हेव्याने बघणारा माणूस इथून तो सुरू होतो आणि पुढे जगण्याला इतिहास किती लागतो आणि किती झाला की मारतो यावर जातो, शंभरेक पानांत होतो. मग झिमेलचा 1903 चा महानगरावरचा छोटा निबंध, मुंबईत लोकल पकडणाऱ्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्याचं शेवटचं पुस्तक इंग्रजीत शिकागो विद्यापीठाने 2010 ला काढलंय, चारच प्रकरणं आहेत, तिसरं मृत्यूवरचं, ते आधी वाचलं तरी चालतं. डिल्टायसाठी प्रिन्स्टनच्या निवडक खंडांतला तिसरा, त्यातही पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, आत्मचरित्र आणि 'जीवनाच्या कोटी' (म्हणजे कॅटेगरीज) या भागापासून करा, फार तर चाळीस पानं, आणि वाक्य तुटलेलं दिसलं तर छपाईची चूक समजू नका, म्हाताऱ्याने तिथेच सोडलंय. क्लागेसचे तीन खंड माझ्या हिशोबाने कोणालाच गरजेचे नाहीत, तो 1913 चा लेख पुरे. ऑयकेन लायब्ररीत दिसला तर चाळा, विकत घेऊ नका.